घरी रिलोडचा सराव, तोही डमी पिस्तुलावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या इतवारीतले सराफ, काटोलकडचे संत्रा बागायतदार, निवृत्त होऊन सुरक्षा एजन्सीत लागलेले फौजी आणि प्रॅक्टिकल शूटिंगच्या नादाला लागलेली चार तरुण पोरं, यांच्याकडून हेच प्रश्न मला फिरून फिरून येतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. रिलोड म्हणजे पिस्तुलाच्या मुठीतली रिकामी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढून भरलेली घालणं. मी त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा सराव हॉलमध्ये टीव्ही आणि देवघराच्या मधल्या सात फुटांत चालतो. त्यामुळे मोठ्या बंगल्यात राहणाऱ्यांनी यातल्या काही तक्रारी सोडून द्याव्यात.

डमी म्हणजे नेमकं काय? दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल चालेल का?

डमी म्हणजे आकार, पकड आणि जमेल तितकं वजन खऱ्यासारखं असलेली, पण जिच्यातून काहीही सुटू शकत नाही अशी प्रतिकृती. नळी भरीव असते. काडतूस बसायला जागा नसते आणि आघात करणारी पिनही नसते. टिकल्यांच्या पिस्तुलाची मूठ पोरांच्या हाताच्या मापाची असते आणि त्याला मॅगझिन नसते. त्यावर रिलोड शिकणं म्हणजे चमच्याने पोळी लाटणं.

एअरगनलाही डमी समजू नका. ४.५ मिलिमीटर व्यासाची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून लोकांना ती खेळणं वाटते. पण तिच्यातून छर्रा सुटतो आणि डोळा जातो. ज्यातून काही सुटतं ते या सरावात नको. गॅस काढून घेतलेलं एअरसॉफ्ट, म्हणजे गॅसवर प्लास्टिकचे छर्रे मारणारं पिस्तूल, तेही नको, कारण गॅस परत भरता येतो.

माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. ते रिकामं करून त्यावरच सराव केला तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "उगाच पैसे कशाला घालवायचे" हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

रिकाम्या पिस्तुलावर चाप दाबायचा सराव जगभर करतात. नीट शिस्तीने केला तर तो उपयोगाचाही आहे. पण रिलोडचा सराव त्याहून वेगळा आहे. त्यात तुम्ही दर पंधरा सेकंदांनी मॅगझिन आत घालता, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढता, पुढे करता. म्हणजे पिस्तूल भरण्याची जी क्रिया आहे, तीच शंभर वेळा न बघता करायची सवय हाताला लावता. हाताला मॅगझिन भरलेली की रिकामी ते कळत नाही. अपघात सहसा सराव चालू असताना होत नाही. तो होतो सराव "संपल्यावर". माणूस पिस्तूल परत भरून ठेवतो, तेवढ्यात फोन येतो, फोन झाल्यावर वाटतं की शेवटचा एक करून घेऊ. तो शेवटचा एक थेट भिंतीत जातो. भिंतीच्या पलीकडे शेजारी जेवत असतो.

माझ्याही हातून हे होता होता राहिलं आहे. तेव्हा डमी नव्हतं. पिस्तूल रिकामं केलं, मॅगझिन टेबलावर ठेवली, वीसेक रिलोड केले. मधेच बायकोने चहा दिला. चहा पिऊन उठलो आणि टेबलावरची मॅगझिन उचलली, ती भरलेली होती. रिकामी सोफ्यावर पडली होती. वजनाने शंका आली म्हणून थांबलो. कपाळावर घाम आला तो मे महिन्याचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, आणि या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हा ठेवा: ज्या खोलीत डमी आहे त्या खोलीत खरं पिस्तूल, खरी मॅगझिन, खरं काडतूस यातलं काहीही नाही. दोन्ही एका कपाटातसुद्धा नाहीत. खरं कुलपात, किल्ली दुसऱ्या खोलीत, मगच डमी बाहेर निघतं.

पण मग हा सराव हवा कोणाला?

प्रत्येकाला नको. तुमचं पोरगं १० मीटर एअर पिस्तूल खेळत असेल तर त्याला यातलं काही लागत नाही. तिथे सव्वा तासात ६० छर्रे एकेक करून भरायचे असतात, घाईचा प्रश्नच नाही. २५ मीटरलाही एका वेळी पाचच काडतुसं भरतात आणि ती भरायला वेळ मिळतो. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरकडची नावं डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या खेळात वेगाने मॅगझिन बदलणं बसत नाही.

बसतं ते प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये. त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसूरी इथे स्थापन झाली. त्यात घड्याळ चालू असताना पळायचं, निशाणे टिपायचे आणि मधेच मॅगझिन बदलायची असते. चांगले खेळाडू हे काम एका सेकंदाच्या आसपास उरकतात. दुसरे गरजू म्हणजे सुरक्षा रक्षक, आणि ज्यांनी परवाना घेताना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळवलं पण त्यानंतर पिस्तूल हातात धरलंच नाही असे लोक. ही जमात मोठी आहे. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, काडतुसं महाग आहेत, रेंजवर जाणं होत नाही. मग हात विसरतात.

कोणतं डमी घ्यावं?

आधी आपल्या पिस्तुलाची मॅगझिन सोडायची कळ कुठे आहे ते बघा. हे कोणी सांगत नाही आणि इथेच पैसे वाया जातात.

बाजारात दिसणारी बहुतेक डमी नऊ मिलिमीटरच्या आधुनिक पिस्तुलांची असतात. मूठ जाड, मॅगझिन दोन ओळींची, कळ अंगठ्यापाशी. आपल्याकडे नऊ मिलिमीटर हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. तुमच्याकडे असणार .३२ इंचाचं, त्याची मॅगझिन चपटी, एका ओळीची. त्यात तुमचं पिस्तूल आजोबांच्या काळातलं, ब्राउनिंग १९१० च्या घराण्यातलं असेल, तर कळ मुठीच्या तळाशी मागे असते. तिथे मॅगझिन आपली आपण पडत नाही. डाव्या हाताने कळ मागे ओढायची आणि त्याच हाताने मॅगझिन खाली खेचायची. अंगठ्याच्या कळीवर सहा महिने घोटलेला माणूस असं पिस्तूल हातात आल्यावर अंगठ्याने नुसतं लोखंड दाबत बसतो. मी पाहिलं आहे.

निळ्या किंवा लाल रंगाची भरीव रबरी पिस्तुलं पोलीस प्रशिक्षणात वापरतात. ती होल्स्टरमधून काढणं, हिसकावून घेणं यासाठी उत्तम. पण त्यांत मॅगझिन निघत नाही, त्यामुळे रिलोडला निरुपयोगी. तुम्हाला हवी ती मॅगझिन निघणारी, कळ चालणारी प्रतिकृती. लेझर टाकणारी महागडी सराव-पिस्तुलंही मिळतात. त्यांच्या मॅगझिन मुद्दाम जड केलेल्या असतात आणि त्या चांगल्या पडतात. खिशाला परवडलं तर घ्या.

आणि नाही परवडलं तर सुतार गाठा. थट्टा नाही. विदर्भात सागवानाला तोटा नाही. माझं पहिलं डमी सागाचं होतं. मुठीचा आकार कागदावर काढून दिला, आत मॅगझिनच्या मापाचा चौकोनी खाचा पाडून घेतला आणि खाच्याचं तोंड कानशीने थोडं फाकवलं. मॅगझिनही लाकडाच्याच, तीन. सुताराने विचारलं, "हे काय देवाचं आहे का जी?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. वर भडक निळा ऑइलपेंट मारला. तीन वर्षं चाललं.

रंगाबाबत एकच सांगतो. काळं, हुबेहूब दिसणारं डमी घेण्याचा मोह टाळा. सरावाला रंगाने काही फरक पडत नाही. दार उघडून आत आलेल्या माणसाला पडतो.

वजन किती महत्त्वाचं?

पिस्तुलाचं फार नाही, मॅगझिनचं बरंच. रिलोडमध्ये हवेत फिरते ती मॅगझिन. हलकी मॅगझिन वेगाने फिरते, हात खूश होतो आणि खऱ्या भरलेल्या मॅगझिनशी गाठ पडली की तो पुढे निघून जातो. .३२ चं एक काडतूस साधारण पावणेआठ ग्रॅमचं. आठ भरली की साठेक ग्रॅम वाढतात, आणि त्यातलं बरंचसं वरच्या टोकाला असतं.

मी माझ्या डमी मॅगझिनमध्ये कापसात गुंडाळलेले लोखंडी नट भरले आणि वरून एम-सील लावलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून खऱ्याच्या जवळ आणलं. काटा आईचा, रव्याचे लाडू करायचा. "हे काय मोजून राहिला?" "नट." "बरं." आमच्या घरात आता कोणाला कशाचंच नवल वाटत नाही.

कापूस नक्की घाला. नाहीतर प्रत्येक हालचालीला खुळखुळा वाजतो.

कायद्याची अडचण येते का?

येऊ शकते, म्हणून विकत घ्यायच्या आधी विचारा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि शस्त्र नियम २०१६ चे. या नियमांत बंदुकीसारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे. हुबेहूब धातूची प्रतिकृती किंवा परदेशातून मागवायची वस्तू असेल तर नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन विचारा. ग्रामीण भागात हा विषय जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतो. अर्ज करून लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं "काही होत नाही हो साहेब" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. प्रतिकृतीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं परवान्याशिवाय गुन्हा आहे, अधिनियमाचं कलम ६ त्यासाठीच आहे. त्यामुळे डमीची नळी मोकळी करणं, पिन बसवणं असल्या "सुधारणा" डोक्यातही आणू नका. दुसरं, बंदुकीचे सुटे भागही कायद्याने शस्त्रातच मोडतात, त्यामुळे खरी जादा मॅगझिन हे सरावाचं खेळणं नाही. तिसरं, डमी दाखवून कोणाला धाक घातला तर ते खोटं होतं हा बचाव पोलिसांना सांगून बघा. ज्याला धाक घातला त्याला ते खरंच वाटलेलं असतं.

रिलोड नेमका कसा करायचा?

उजव्या हाताने पिस्तूल धरणाऱ्यासाठी, अंगठ्यापाशी कळ असलेल्या पिस्तुलावर सांगतो. डावखुऱ्यांनी आरशात बघावं.

पिस्तूल ताणलेल्या हाताने समोर आहे. मॅगझिन संपली. पहिली चूक इथेच होते. लोक पिस्तूल पोटाशी आणतात आणि मान खाली घालतात. ते आणायचं हनुवटीच्या समोर, चेहऱ्यापासून वीतभर पुढे. कोपर बरगडीला टेकलेलं. नळी समोरच, बोट चापापासून लांब, आणि मूठ थोडी आतल्या बाजूला वळवलेली. असं वळवलं की मुठीचं खालचं तोंड तुमच्या डाव्या खिशाकडे, म्हणजे पट्ट्यावरच्या मॅगझिन ठेवायच्या पाउचकडे बघतं. सुईत दोरा ओवताना सुई कुठे धरता? डोळ्यांसमोरच ना. तसंच.

पिस्तूल आत येत असतानाच उजव्या अंगठ्याने कळ दाबायची. बऱ्याच जणांचा अंगठा तिथवर पोचत नाही, त्यांनी मूठ तळहातात किंचित फिरवावी. रिकामी मॅगझिन पडते. ती कुठे पडली हे बघायचं नाही. हे सांगायला सोपं आहे. पहिले पंधरा दिवस प्रत्येकाची मान तिच्यामागे जाते, जणू पाचशेची नोट पडली.

त्याच वेळी डावा हात पाउचवर असतो. इथे सगळं काम तर्जनीचं. मॅगझिन पकडताना तर्जनी तिच्या पुढच्या बाजूने लांब ठेवायची, टोक सगळ्यात वरच्या काडतुसाच्या नाकाला लागलं पाहिजे. मग मॅगझिन कुठे न्यायची ते वेगळं शोधावं लागत नाही. बोट दाखवाल तिथे ती जाते. अंधारात दिव्याचं बटण बोटाने सापडतं तसं. मॅगझिन उलटी घालण्याचा प्रकारही बंद होतो, कारण तर्जनीला काडतुसाचं नाक लागलं नाही तर लगेच कळतं.

आता मॅगझिनची मागची सपाट बाजू मुठीच्या तोंडाच्या मागच्या कडेला टेकवायची आणि मग सरळ करून आत. पुढून घालायला गेलात तर कडेवर अडकते. मागून टेकवली की घसरत जाते. आत गेल्यावर तळहाताच्या टाचेने घट्ट रेटा. थाप मारू नका, दाबून बसवा, "टक्" झालं पाहिजे. नुसत्या थापेने अर्धवट बसलेली मॅगझिन पहिल्या गोळीनंतर जमिनीवर येते आणि तुम्ही बघत राहता.

शेवटी स्लाइड. बहुतेक डमींची स्लाइड हलत नाही. तरीही डाव्या हाताने ती ओढल्याची पूर्ण क्रिया करा आणि पकड परत घ्या. इथे कंटाळा करणारे रेंजवर मॅगझिन घालतात, निशाणा धरतात, चाप दाबतात, आणि काहीच होत नाही.

नजर कुठे ठेवायची?

मुठीच्या तोंडावर, फक्त मॅगझिन शिरण्याच्या त्या क्षणापुरती. ती शिरली की नजर परत समोर. "न बघता करता आलं पाहिजे" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. जे खरोखर वेगवान आहेत ते बघतात. तोंड डोळ्यांसमोर आणलं कशाला मग?

यासाठी एक तुकडा वेगळा घोटा. मॅगझिन पाउचमधून काढा आणि मुठीच्या तोंडाशी आणून थांबा. आत घालू नका. टोक बरोबर खाच्यात शिरायच्या बेतात आहे का बघा. असेल तर परत ठेवा, पुन्हा काढा. पूर्ण रिलोडचा सत्तर टक्के कस या अर्ध्या हालचालीत आहे, असं माझं मत आहे. बाकीचं आपोआप होतं.

जमिनीवर मॅगझिन पडते, आवाज होतो. काय करायचं?

आमच्या खाली एक काकू राहतात. पहिल्या आठवड्यात त्या वर आल्या. "काय पाडून राहिले जी तुम्ही रोज रात्री? आमचे हे बिचारे दचकून उठतात." काय सांगणार? मी म्हटलं, नातू ठोकळे खेळतो. "तुम्हाला नातू आहे?" नव्हता. अजून नाही.

शेवटी गांधीबागेतून चार इंची कापसाची पोरांची गादी आणली, दीड बाय तीन फुटांची, आणि पायाशी टाकली. पहिले दोन दिवस मॅगझिन गादीच्या बाहेर पडत होत्या, तेव्हा लक्षात आलं की मी पिस्तूल फार तिरपं करतोय. गादीवर मधोमध पडायला लागल्या तेव्हा मूठही जागेवर आली. म्हणजे गादीने आवाज तर थांबवलाच, शिकवलंही. सतरंजी दुहेरी घातली तरी टाइलवर आवाज येतोच, तो नाद सोडा. मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या तोंडाच्या कडा, वाकतात ते वेगळंच.

उन्हाळ्यात सराव करावा का?

नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. दुपारी हाताला घाम येऊन मॅगझिन साबणासारखी सटकते. सकाळी सहाच्या आत उरका. कूलर चालू असेल तर टायमरची शिट्टी ऐकू येत नाही, हा माझा अनुभव. आणि प्लास्टिकचं डमी उभ्या गाडीत ठेवू नका, वाकतं. गाडीत ठेवू नका याचं आणखी एक कारण पुढे येतंच आहे.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनी काय करावं?

विदर्भात जुने परवानाधारक बरेचसे रिव्हॉल्व्हरवाले. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. त्याची नळी काडतुसांच्या चक्रासकट बिजागरावर खाली मोडते आणि मोडताना रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. २०१४ मध्ये आलेलं हलकं निर्भीकही त्याच जातीचं. बाजारातली डमी रिव्हॉल्व्हरं मात्र अमेरिकी पद्धतीची, चक्र डावीकडे बाहेर येणारी. दोन्हींच्या हाताच्या हालचालींचा काडीचा संबंध नाही. चुकीच्या डमीवर सराव करण्यापेक्षा न केलेला बरा.

बिजागरी डमी मिळत नसेल तर एक तुकडा तरी घरी घोटता येतो. लाकडाच्या गोल चकतीला सहा भोकं पाडून घ्या, ती कमरेशी धरा आणि लाकडी किंवा भडक रंगाच्या प्लास्टिकच्या डमी काडतुसांनी दोन-दोन करत भरा. बोटांच्या चिमटीत दोन काडतुसं शेजारी शेजारी धरायची, चकती फिरवायची, पुन्हा दोन. कंटाळवाणं आहे, पण बोटं शिकतात. डमी काडतुसं खऱ्यांच्या डब्याजवळसुद्धा नकोत, हे परत सांगतो.

टायमर हवाच का?

पहिला महिना नको. घाई आली की चुका वेगाने पक्क्या होतात. नंतर मोबाइलवरचं साधं ॲप पुरे, एक शिट्टी सुरुवातीला आणि एक ठरलेल्या वेळेनंतर. तीन सेकंदांपासून सुरू करा. दहापैकी नऊ नीट झाले तर एक दशांश सेकंद कमी. दहापैकी सात होत असतील तर परत वर. आमच्यातल्या एका पोराने पहिल्याच आठवड्यात दीड सेकंद लावला. मॅगझिन देवघरातल्या समईवर गेली. त्याच्या घरी, माझ्या नाही.

रोज किती वेळ?

दहा मिनिटं. वीस चांगले रिलोड. एकविसावा वाईट झाला तर थांबा. रविवारी तासभर आणि बाकी सहा दिवस शून्य, याने काही होत नाही.

घरात लहान मुलं आहेत.

मग मुलं झोपल्यावर किंवा शाळेत गेल्यावर, आणि डमीसुद्धा कुलपातच. मुलाला डमी आणि खरं यातला फरक शिकवत बसू नका. त्याला एकच शिकवा की असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. मोठ्यांनीही डमीची नळी हसत-खेळत कोणावर धरायची नाही. माझ्या मेव्हण्याने एकदा गंमत म्हणून डमी उचललं आणि बायकोकडे रोखलं. त्यानंतर तो आला की डमी बाहेर निघत नाही.

खिडकीतून कोणी बघितलं तर?

बघतातच. समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी आमच्या चौकीदाराला सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब रात्री पिस्तूल घेऊन उभे असतात. चौकीदार वर आला तो दाराबाहेर चार पायऱ्या खाली उभा राहूनच बोलला. मी त्याला निळं डमी दाखवलं, हातात दिलं. त्याने वास घेतला. का, देव जाणे. तेव्हापासून पडदा ओढल्याशिवाय पेटी उघडत नाही. गॅलरीत आणि गच्चीवर तर अजिबातच नाही. हातात पिस्तूल धरल्याची रील टाकायची हौस असेल तर पोलीस ठाण्यात खुलासे करायचीही तयारी ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत, जेव्हा परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला लावतात, तेव्हा तर आणखी जपून.

मित्राकडे सरावाला डमी नेता येतं का?

न्यायचं तर कुलूपबंद पेटीत, पेटी पिशवीत. कमरेला नाही, खिशात नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. रात्रीच्या नाकाबंदीत शिपायाने डिक्की उघडायला सांगितली तर आधी तोंडाने सांगा की आत सरावाचं डमी आहे, मग हात हलवा. मेट्रोत बॅग तपासतात, तिथे नेऊ नका. विमानात केबिन बॅगेत खेळण्यातल्या पिस्तुलालाही बंदी आहे, सोनेगावच्या विमानतळावर नशीब अजमावू नका.

घरी जमलं, रेंजवर जमत नाही. असं का?

कारण डमीला धक्का नसतो. बऱ्याच खऱ्या पिस्तुलांत शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकते. हाताला ती जाणीव वेगळी लागते आणि ती ओळखायला डमी शिकवत नाही. पाउचही घरी एक आणि रेंजवर दुसरं असतं. घरी बनियनवर सराव करणारा रेंजवर जॅकेट घालून येतो, जॅकेट पाउचवर येतं. ज्या कपड्यांत आणि पट्ट्यात रेंजवर जाता, आठवड्यातून एकदा तरी त्याच वेषात घरी सराव करा. बायको हसेल. हसू द्या.

रेंजवर पहिला रिलोड अर्ध्या वेगाने करा आणि तिथल्या अधिकाऱ्याचा हुकूम पाळा. घरच्या दहा मिनिटांत लागलेली एक वाईट सवय तिथे फार भोवते. घरी माणूस "झालं" म्हणून डमी सोफ्यावर टाकतो. घरीसुद्धा प्रत्येक रिलोडनंतर डमी तपासून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून खाली ठेवा.

खंडेनवमीला डमीची पूजा करायची का?

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे, काटोलहून. माझं म्हणाल तर खरं पिस्तूल कुलपातच असतं, मी त्याला तिथेच नमस्कार करतो. पण गेल्या दसऱ्याआधी आईने परस्पर डमी पाटावर मांडलं, शेजारी विळी आणि सुतारकामाची करवत. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. चार दिवसांनी सरावाला उभा राहिलो तर मॅगझिन अर्ध्यावर अडकली. टॉर्च मारून बघितलं. खाच्यात कुंकू आणि तांदळाचे तीन दाणे. जुन्या टूथब्रशने साफ केलं. पाणी वापरू नका, कुंकू भिजलं की तिथेच चिकटून बसतं.